शून्यावर बसलेला काटा

४ तारीख, सोमवार

ही डायरी मी काम करतो त्या घड्याळाच्या दुकानाच्या मालकानं दिली त्याला आठ महिने झाले. आजवर तिच्यात वाण्याची यादीसुद्धा लिहिली नव्हती. आज उघडली ती गाडीसाठी. पेट्रोलचा काटा शनिवारपासून शून्यावर बसलाय. टाकी भरून आणली, तरी हूं नाही की चूं नाही. आमच्या जुन्या दुकानात कुठल्याही मीटरचं काम हातात घेतलं की आधी वहीत टिपायचं, लक्षण काय, तपासलं काय, निघालं काय. ती सवय अजून जात नाही.

तर लक्षण: काटा शून्यावर.

आणि एक. दुपारी वहिनींचा फोन आला. दादाला दवाखान्यातून घरी आणलंय. फुप्फुसं संपली. "महिना म्हणतात डॉक्टर, कमीही म्हणतात," वहिनी म्हणाल्या. मग, "भाऊजी, एकदा येऊन जा."

दादानं आणि मी पंचवीस वर्षं एकाच दुकानात गाड्यांचे मीटर दुरुस्त केले. तो गाडीखालचा माणूस, मी बाकावरचा. वायरी, टाकी, फ्यूज त्याच्याकडे. तबकडी, काटा आणि केसाएवढी स्प्रिंग माझ्याकडे. नऊ वर्षांपूर्वी तो बाहेर गेलेला असताना मी एका गिऱ्हाइकाच्या वायरींना हात घातला आणि डॅशबोर्डातून धूर काढला. दादा परत आला आणि त्या गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "तू आपला काट्यांना रंग लाव. तेवढंच जमतं तुला." दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलोच नाही. महिन्याभरात बिऱ्हाड इकडे हलवलं. निघताना दादा घरात नव्हता. त्यानं वहिनींकडे गाडीची चावी ठेवली होती, "सामान कशातून नेणार तो" म्हणून. तीच ही गाडी. त्यानंतर त्याचा आवाज ऐकला तो फक्त वहिनींच्या फोनमागे, खोकताना.

आज मी विचारलं, "कसा आहे?" वहिनी म्हणाल्या, "आहेत." मग दोघंही गप्प. फोनवर असं गप्प बसणं मला जमत नाही, काहीतरी बोलावंच लागतं. मी म्हणालो, "दादाला सांगा, गाडीचा काटा शून्यावर बसलाय." माणूस मरणाच्या दारात आणि मी त्याला काटा सांगतोय. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पलीकडे कुजबुज झाली. वहिनी म्हणाल्या, "ते विचारतायत, इंजिनाच्या उष्णतेचा काटा हलतो का?"

मी म्हणालो, हलतो.

पुन्हा कुजबुज. "म्हणतात, बघतो. उद्या पाचला फोन कर म्हणतात."

५ तारीख, मंगळवार

पाचच्या ठोक्याला फोन केला. मालक डोळे वटारून बघत होता, बघू दे. दादा फोनवर येत नाही. बोलताना त्याला धाप लागते. मीही त्याला फोनवर मागत नाही. वहिनी मधे बसून इकडचं तिकडे करतात.

आजची तपासणी: फ्यूज. फ्यूज! मला, पंचवीस वर्षं मीटर उघडलेल्या माणसाला, फ्यूज बघायला सांगतो. दोन्ही काट्यांना फ्यूज एकच, उष्णतेचा काटा हलतोय म्हणजे तो शाबूत आहे, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण म्हटलं, आजारी माणूस आहे, वाद नको. दुकानाबाहेर गाडीपाशी जाऊन फ्यूज काढला, पाहिला, परत बसवला. पाच मिनिटांनी कळवलं, ठीक आहे.

घरी हिला सांगितलं, गाडी नीट झाली की दादाकडे जाऊन येऊ. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, काटा बिघडलाय, चाकं नाहीत बिघडली. टाकी भरलेली आहे. निघा."

"वाटेत संपलं म्हणजे?"

"चार तासांच्या वाटेला भरलेली टाकी पुरून उरते. हे मला कळतं आणि मीटरवाल्याला कळत नाही?"

"काट्याशिवाय गाडी लांब न्यायची नाही. आमच्या दुकानाचा नियम होता."

"मग बसनं जा."

"मला बस लागते."

"लागू दे. पिशवी देते बरोबर."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

६ तारीख, बुधवार

काल फोन ठेवता ठेवता दादानं वहिनींकरवी आजची तपासणीही सांगून ठेवली होती. मीटरमागचा सॉकेट काढून पुन्हा लाव. सकाळी दुकानाच्या आधी ते केलं. फरक शून्य. मग सहज म्हणून डिकीतला गालिचा उचलला. टाकीच्या तोंडावरून एक काळी वायर निघते आणि एका स्क्रूनं गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. ती नीट टेकली नाही तर टाकीत कितीही पेट्रोल असू दे, काट्याला पत्ताच लागत नाही. स्क्रूवर गंजाचा पापुद्रा होता. पॉलिशपेपरनं घासलं, स्क्रू आवळला, पुढे येऊन चावी फिरवली.

काटा उठला. सावकाश चढत पाऊण टाकीच्या खुणेवर जाऊन थांबला. अचूक.

दहा मिनिटं लागली. धूर नाही, काही नाही. गाडीत एकटाच बसलो होतो तरी मोठ्यानं "अरे वा!" म्हणालो. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगण्यासारखा माणूस एकच.

मग डिकीकडे गेलो, स्क्रू सैल केला आणि वायर काढून बाजूला सारली. काटा परत शून्यावर.

हे का केलं ते लिहायचा प्रयत्न करतोय. स्क्रू जुना आहे, नवा टाकायला हवा, हे एक कारण. घाईनं केलेलं काम टिकत नाही, हेही आहे. नवा स्क्रू मिळाला की पक्कं करीन.

पाच वाजता वहिनींना सांगितलं, "फरक नाही." त्यांनी तिकडे सांगितलं, "फरक नाही म्हणतायत भाऊजी." मागून दादाचा आवाज आला, हसला की खोकला ते कळलं नाही. "उद्या पुढचं बघू म्हणतात," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आज जरा उभारी वाटली.

७ तारीख, गुरुवार

आजची तपासणी: मीटरची काच नखानं तीनदा वाजव आणि काटा थरथरतो का बघ. हसू आलं. असलं काही आम्ही जन्मात केलं नव्हतं. वाजवली. नाही थरथरत. कळवलं.

मग वहिनी आपणहून म्हणाल्या, "आज दोन घास जेवले. साडेचारपासून घड्याळ बघत होते."

९ तारीख, शनिवार

काल टाकीचं झाकण उघडून कान लावायला सांगितलं, सुस्कारा ऐकू येतो का म्हणून. आज गाडी उतारावर तासभर उभी करायला सांगितली. दादाचं डोकं ठिकाणावर आहे ना अशी शंका येते. औषधांनी होतं म्हणे असं. एवढा पट्टीचा कारागीर, ज्यानं नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगावा, तो असलं काय सांगतोय? वाईट वाटलं. पण मी सगळं करतो. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर तासभर गाडीत बसून राहिलो. शेजारचे निवृत्त मास्तर फिरायला निघाले होते. त्यांनी काचेवर टकटक करून विचारलं, "घरी भांडण झालंय का?"

नवा स्क्रू काल मिळाला. खिशात आहे.

१० तारीख, रविवार

आज हिनं तोफ डागली. जेवणं झाली, ताटं उचलली आणि समोर येऊन बसली.

"तुम्हाला जायचंच नाहीये."

मी म्हणालो, गाडी...

"गाडीचं नाव काढू नका. नऊ वर्षं झाली, आता तरी मोठे व्हा. वहिनींनी तोंडानं 'या' म्हटलंय. तुम्ही रोज पाचला फोन करता आणि काट्याच्या गप्पा मारता. एकदा तरी म्हणालात का, दादा, मला तुला बघायचंय?"

नाही म्हणालो.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. मी दारात उभा राहिलो आणि त्यानं नुसतं बघितलं तर? किंवा तोंड भिंतीकडे फिरवलं तर? आणि तसं नाही झालं, तरी त्याच्या खाटेशी बसून बोलायचं काय? फोनवर बरं आहे. तो विचारतो, मी सांगतो. पूर्वी असंच होतं. तो गाडीखालून ओरडायचा, "आता?" मी बाकावरून सांगायचो, "अजून नाही." दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं आणि आमचं काही अडायचं नाही. आता आठवडाभर पुन्हा तसं चाललंय. हे कुणाला सांगू नये, पण गेल्या नऊ वर्षांत इतका बरा आठवडा मला गेला नाही. भाऊ मरतोय आणि मी बरा आहे. काय माणूस आहे मी.

आजची तपासणी: लाकडी पट्टी टाकीत बुडवून पेट्रोल मोजणे. पट्टी आत जाताच वाकते, टाकीचं नळकांडं वळणाचं आहे. हे दादाला माहीत नसेल असं होणार नाही. तरी अर्धा तास खटपट केली आणि कळवलं, जमलं नाही. वहिनींमागून पुन्हा तो आवाज. या वेळी हसला, नक्की.

१२ तारीख, मंगळवार

आज तपासणी नाही. वहिनी म्हणाल्या, "झोपलेत. दुपारपासून उठवत नाहीये मी." आवाज बसलेला होता. मी विचारलं, "उद्या करू का?" त्या म्हणाल्या, "करा. नक्की करा."

फोन ठेवल्यावर डिकी उघडून काळी वायर हातात धरली. लावून टाकावी असं वाटलं. लावली की गाडी तयार, मग सबब उरत नाही. आणि पाच वाजता बोलायलाही काही उरत नाही. गालिचा परत टाकला. घरी आल्यावर ही काही बोलली नाही. हल्ली ती बोलत नाही, त्याचाच मला त्रास होतो.

१३ तारीख, बुधवार

दादा बोलला.

मी नेहमीसारखं "वहिनी" म्हणालो. उत्तर आलं नाही, नुसता श्वास ऐकू आला. मग, "बारक्या."

नऊ वर्षांनी. दुसरं कुणी मला बारक्या म्हणत नाही. म्हणणारी माणसं राहिली नाहीत. मी दुकानाच्या दारात उभा होतो, तिथेच पायरीवर बसलो.

"चावी बंद केल्यावर," तो म्हणाला. मग बराच वेळ श्वास घेतला. "काटा कुठं राहतो?"

"तिथंच. शून्यावर."

"बरं."

एवढंच. फोन वहिनींनी घेतला. मालक बाहेर आला आणि विचारलं, काय झालं. मी म्हणालो, डोळ्यांत काहीतरी गेलं. तो आत गेला आणि न सांगता पाणी घेऊन आला. माणूस वाईट नाही.

१४ तारीख, गुरुवार

आज पुन्हा तोच बोलला. प्रत्येक शब्दानंतर थांबत होता. मी मधे बोललो नाही.

"काट्याचा रंग कसाय? उडाला?"

या गाडीचा काटा मीच रंगवलेला. नारिंगी. दोन केसांचा ब्रश करून तीन हात दिले होते. मी म्हणालो, "नाही रे. कालच दिल्यासारखा आहे."

"असणारच," दादा म्हणाला. श्वास घेतला. "तसा हात नाही पाहिला मी. कुणाचा."

फोन वहिनींनी घेतला. वहिनी म्हणाल्या, "दमले, भाऊजी. ठेवते."

बस्स. आता सबबी पुरे. घरी येऊन हिला म्हणालो, बॅग भर, आपण जातोय. तिनं मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवला, मी लहान असल्यासारखा. "आत्ताच निघू या," म्हणाली. मी म्हणालो, उद्या एका बाईंना त्यांच्या वडिलांचं घड्याळ द्यायचं कबूल केलंय, बाकावर सगळं उघडं पडलंय. उद्या ते हातावेगळं करतो, संध्याकाळी वायर जोडतो, पाचला दादाला सांगतो की काटा चालू झाला आणि आम्ही येतोय. परवा उजाडताच निघू. त्यालाही बरं वाटेल, काम तडीस गेलं म्हणून.

दारात काय बोलायचं तेही ठरवलंय. काही बोलायचं नाही. सरळ आत जायचं आणि पायाशी बसायचं.

१५ तारीख, शुक्रवार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. घड्याळ अर्धं जोडून झालं होतं.

दादा गेला.

१७ तारीख, रविवार

परवा काय झालं ते लिहून ठेवतो.

दुकानातून घरी आलो, डिकी उघडली, नवा स्क्रू घातला. पाच मिनिटं लागली. ही बाजूला बॅग घेऊन उभी होती. तिला सगळं दिसलं. काळी वायर, चकचकीत घासलेला पत्रा, खिशातून निघालेला स्क्रू. तिनं विचारलं, "हे कधी घासलंत?" मी सांगितलं. ती गाडीत जाऊन बसली आणि चार तास खिडकीबाहेर बघत राहिली. वाटेत पेट्रोल घ्यायला थांबावंही लागलं नाही. पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परत आली होती. खोलीत खाट रिकामी, चादर काढलेली. पायाशी बसायचं ठरवलं होतं, मी खाटेच्या लोखंडी पट्टीला धरून खाली बसलो आणि रडलो. गुरासारखा रडलो. कुणी मला उठवायला आलं नाही.

काल सकाळी वहिनी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. मी एकटाच होतो. त्यांनी एक कागद पुढे केला. कॅलेंडरचं मागचं पान, पाठकोरं. दादाचं अक्षर, थोडं हललेलं.

"मी तुम्हाला पहिला फोन केला ना, त्या संध्याकाळी उशी लावून बसले आणि हे लिहिलं," वहिनी म्हणाल्या. "मला म्हणाले, अर्थिंगची काळी वायर सुटलीय, दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, मग सांगा की त्यांना. तर म्हणाले, सांगितलं तर उद्या फोन कशाला करेल तो?"

कागदावर तेरा ओळी होत्या. फ्यूज. सॉकेट. काच वाजवायला सांगणे. झाकणाला कान. उतार. पट्टी (वाकेल, वाकू दे). एकेका ओळीपुढे वहिनींनी केलेली खूण. पट्टीनंतर सोमवारची, हॉर्न वाजवायची, मग चावीचा प्रश्न, मग काट्याचा रंग. नऊ खुणा होत्या. पुढच्या तीन ओळी अशाच काहीतरी होत्या, आरसा धरून बघ वगैरे. शेवटची, तेरावी, वेगळ्या शाईत होती आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"आता म्हणायचं, फोनवर नाही समजत. गाडी इकडे घेऊन ये."

मी ती ओळ किती वेळा वाचली ते माहीत नाही. दादा मला कधीच ये म्हणणार नाही असं मी नऊ वर्षं धरून चाललो होतो. त्यानं म्हणायचं ठरवलं होतं, फक्त आधी बारा ओळींची उजळणी हवी होती त्याला. मला यायला सबब लागते, त्याला बोलवायला. एका आईबापाची पोरं.

वहिनींपासून लपवणं मला जमलं नाही. त्यांनी सगळा कागद उघड केला होता, मग मीही सांगितलं. म्हणालो, "वहिनी, काटा मी तिसऱ्याच दिवशी चालू केला होता. बुधवारी. मी वायर परत काढून ठेवली आणि तुम्हाला 'फरक नाही' म्हणालो. रोज खोटं बोललो. त्याच्याशी बोलणं संपेल म्हणून."

मला वाटलं, त्या हसतील, किंवा रडतील. दोघे भाऊ सारखेच म्हणतील. तसलं काही झालं नाही. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मनाशी हिशेब केल्यासारखं बोटांवर दिवस मोजले.

"बुधवारी," त्या म्हणाल्या. "म्हणजे बुधवारपासून गाडी नीट होती?"

"हो."

"शनिवारी ते खुर्चीत बसले होते. रविवारी पण. दाराकडे तोंड करून ठेव म्हणाले होते खुर्ची." त्यांनी बोटं मिटून घेतली. "चार तासांवर होतो आम्ही, भाऊजी."

मग कप उचलून आत गेल्या. दुपारी मला जेवायला वाढलं, नीट वाढलं, आग्रहही केला. पण त्यापलीकडे माझ्याशी बोलल्या नाहीत, आज निघतानाही नाही.

मी स्वतःला काय काय सांगून बघितलं. रोज बोलत तरी होतो. शेवटी तो बोलला तरी. काटा ही सबब आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. हे सगळं खरं आहे आणि त्यातलं काही उपयोगाचं नाही. पाच वाजताचा फोन मला पुरत होता. त्याला पुरत नव्हता. तो खुर्ची दाराकडे करून बसला होता, आणि मी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर गाडीत बसून होतो, चालू गाडीत, भरल्या टाकीनिशी.